दीड प्रतीचा एजंट

मराठीत एजंट विम्याला असतो, जमिनीला असतो, आरटीओच्या फाटकाबाहेर तर असतोच असतो. पुस्तकाला नसतो. लेखक वही काखोटीला मारून थेट प्रकाशकाकडे जातो, प्रकाशक 'बघू' म्हणतो आणि पुढची दोन वर्षं लेखक बघत बसतो. इंग्रजी मुलुखात मात्र या दोघांच्या मधे एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असतो. तो हस्तलिखितं वाचतो, बहुतेक परत पाठवतो, उरलेल्यांसाठी प्रकाशकाशी भांडतो आणि लेखकाच्या मिळकतीतले साधारण 15 टक्के घेतो. ही बातमी नाशिकजवळच्या एकलहऱ्यात पोचली आणि एका निवृत्त माणसाला संध्याकाळचा उद्योग मिळाला.

अशा माणसाला आपण आप्पा म्हणू. तो प्रत्येक वसाहतीत असतो. कुठे हास्यक्लब चालवतो, कुठे सोसायटीच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त तपासतो. एकलहऱ्याचे आप्पा बालसाहित्य बघतात. औष्णिक वीजकेंद्रात 210 मेगावॉटच्या संचांसमोर, नियंत्रण कक्षात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे समीक्षेची भाषाही तिथलीच. 'पहिल्या पानावर बॉयलर पेटलाच नाही.' 'तिसऱ्या पानाला संच ट्रिप.' आणि सगळ्यात कडक शेरा म्हणजे 'राख फार.' आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. ती जळत नाही, नुसती उपसून बाहेर टाकावी लागते. बालकथेतलं तात्पर्य आप्पांच्या लेखी तसंच. "वाघिणी भरभरून येतात हो, पण त्यातलं जळतं किती?"

येणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापक जास्त. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'माझ्या नातवाला फार आवडली.' आप्पांचं उत्तरही ठरलेलं. "नातवाला तुमच्याकडून सायकल हवी आहे. त्याची साक्ष ग्राह्य नाही."

मग प्रश्न येतो, सध्या मुलांचं कोणतं पुस्तक वाचताय? दहातले नऊ जण 'श्यामची आई' म्हणतात. आप्पा मान डोलावतात. "गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं. त्यानंतरचं काही?" त्यानंतरचं काही नसतं. एक मुख्याध्यापक मात्र मागे हटले नाहीत. गुरुजींनी पुस्तक पाच दिवसांत लिहिलं, मीही माझं पाच दिवसांतच लिहिलंय, म्हणाले. आप्पांनी चष्मा काढला. "सर, गुरुजी आत होते. तुम्हाला बाहेर सगळी मोकळीक असताना पाच दिवसांची घाई कसली होती?"

कवितावाल्यांची रवानगी आणखी लवकर होते. 'ससा', 'हसा', 'कसा' आणि 'बसा' या चार खांबांवर उभी केलेली कविता आप्पा उभ्यानेच वाचतात. विंदांचा 'एटू लोकांचा देश' 1963 साली वसला, अजून तिथे कुणाला तात्पर्याची चौकी बसवता आलेली नाही, एवढं सांगून ते वही परत देतात. गोष्टीच्या आधी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची चौकशी करणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही.

भाच्याकडून चित्रं काढून आणणारे वेगळेच. आप्पा त्यांना समजावतात, चित्रपुस्तक साधारण 32 पानांचं असतं, मजकूर थोडा, बाकीचं चित्रकार सांगतो. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. ते जमत असेल तर आनंद आहे, नसेल तर 'निळा फ्रॉक घातलेली, दोन वेण्या असलेली मुलगी' हे वाक्य खोडा. फ्रॉक कुठल्या रंगाचा ते चित्रकाराला ठरवू द्या. भाचा या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतो.

इतकं सगळं पार पडल्यावर खरी चाचणी होते आणि ती आप्पा घेत नाहीत. वसाहतीतलं तिसरी-चौथीतलं एखादं पोर ओट्यावर बसवून त्याच्या हातात गोष्ट देतात आणि स्वतः शेजारी लॉगबुक उघडून बसतात. एका खारूताईच्या गोष्टीची नोंद मी वाचली आहे.

'सायं. 5.20, वाचन सुरू. 5.23, खारूताई खरं बोलू लागली. वाचकाने गुडघ्याची खपली काढायला घेतली. 5.25, आप्पाआजोबा, पाणी. 5.27, वाचक पाणी पिऊन परतला नाही. कारण: राख.'

मुलांच्या हाती निकाल कसा, असं कुणी विचारलं की आप्पा लंडनला जातात. 'हॅरी पॉटर'चं हस्तलिखित एजंटाच्या कार्यालयात नापसंतांच्या गठ्ठ्यात पडलं होतं, तिथल्याच एका कर्मचारी मुलीने ते बाहेर काढलं. मग बऱ्याच प्रकाशकांनी नाकारलं. शेवटी ब्लूम्सबरीच्या प्रमुखांच्या आठ वर्षांच्या लेकीने पहिलं प्रकरण वाचून पुढचं मागितलं. 1997 ची ती पहिली आवृत्ती 500 प्रतींची होती. मराठी लेखकाला धीर द्यायचा असेल तेव्हा आप्पा हा आकडा दोनदा सांगतात.

खारूताईच्या लेखिका बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई होत्या. लॉगबुक वाचून त्या उठल्याच होत्या. आप्पांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, एखाद्या मुलाने तुम्हाला शेवटची थाप कोणती मारली? ताई जरा आठवून म्हणाल्या, "परवाच. शेजारची सांगत होती, डबा मांजराने खाल्ला. म्हटलं, अगं, वर्गात मांजर? तर म्हणते कशी, बाईंनीपण हेच विचारलं."

"मग?"

"मग काय, म्हणाली, बाईंना दिसेपर्यंत ते थांबलंच नाही."

आप्पांनी पेन खाली ठेवलं. "हे लिहा. खारूताईला सोडून द्या झाडावर."

ताईंनी ते लिहिलं. आप्पांनी पाच वेळा परत लिहायला लावलं आणि ताई पाचही वेळा न रागावता परत आल्या. आप्पांना हवा असतो तो असा माणूस. पोरांचं बोलणं ऐकणारा, खाडाखोडीला न रुसणारा, आणि 'दुसरी गोष्ट आहे का?' या प्रश्नावर पहिलीच पुढे न सरकवणारा. एका पुस्तकासाठी मी कुणाच्या मागे लागत नाही, म्हणतात. अशी माणसं फार येत नाहीत हे मला मान्य आहे. पण मुख्याध्यापकांशी ते जरा जास्तच कडक वागतात असंही माझं मत आहे.

गोष्ट पसंत पडली की आप्पा आधी 'किशोर'कडे पाठवायला सांगतात. बालभारतीचं ते मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक आप्पांच्या माळ्यावर आहेत. मग प्रकाशकांना फोन. तिकडून 'बघू' आलं तरी आप्पा डगमगत नाहीत. एकलहऱ्याचा 660 मेगावॉटचा नवा संच वर्षानुवर्षं कागदावर आहे. 'बघू'ची इथल्या माणसाला सवय आहे.

राहिले 15 टक्के. आप्पांच्या लेखकांना प्रकाशकाकडून बहुधा दहा प्रती भेट मिळतात आणि मानधनाचं पुढे बोलणं होतं. दहाचे 15 टक्के म्हणजे दीड प्रत. एक प्रत आप्पा ठेवून घेतात आणि उरलेल्या अर्ध्या प्रतीची मिसळ खातात, पाव जास्तीचे.

तुमची वही तयार असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी ते झोपतात. भाच्याची चित्रं घरी ठेवा. नातवाला शक्यतो नेऊ नका. नेलात तर सायकल आधीच घेऊन द्या, म्हणजे त्याला खरं बोलता येईल.