सात पानांचा गुलाब

सौ.चं माहेर जावळीतलं मेढा. वर महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरहून जास्त पाऊस. आमच्या जतला 500 झाला तरी ओढ्याला पूर आल्याचा आनंद. माहेरून तिने गुलाबाचं कलम आणलं, मोरीपाशी लावलं आणि म्हणाली, "पाणी घालत जा हं." मेढ्याची माणसं हे वाक्य फार सहज बोलतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेलं, तेव्हा त्याच सांगली जिल्ह्यातले आम्ही टँकरची वाट बघत होतो.

एप्रिलात पारा चाळिशीपार गेला. सकाळी उमललेल्या फुलाच्या कडा दुपारपर्यंत पापडासारख्या भाजून निघत. मी वाळव्याकडून उसाचं पाचट आणून बुडाशी अंथरलं. मडक्याला भोक पाडून, वात घालून तेही पुरलं. शेजारी चौकशी करू लागले, "सलाईन किती दिवस सांगितलंय?"

पाण्याचा दुष्काळ, सल्ल्यांचा नव्हे. आटपाडीचे मामा डाळिंबवाले. "पाणी तोड, ताण दे, पानगळ झाली की बहार धरतो बघ."

"मामा, इथं ताण द्यावा लागत नाही. तो सरकारी योजनेसारखा नाही, वेळेवर येतो."

मेअखेर बुडातून हातभर लांब, तजेलदार फुटवा निघाला. मी हरखलो. लेंडीखत, तांदळाचं धुवण, टँकरच्या पाण्यातला चोरून घेतलेला तांब्या, सगळं त्याच्या पायाशी. जूनमध्ये तासगावचे द्राक्षबागायतदार दाजी आले. वाकले. देठावरची पानं मोजली.

"पाव्हणं, कलमाला बहुतेक पाच पानं असत्यात. ही सात हायत. खालचा रानटी खुंट फुटलाय. आमच्या द्राक्षालाबी डॉगरिजचा खुंट असतो, पण त्याचे कुणी लाड करत नाही!"

शेजारी खरं कलम काडी होऊन उभं होतं. सौ. काही बोलली नाही. माझ्याकडे मात्र तिने खुंटाकडे बघावं तसं बघितलं.

फुटवा मुळापासून काढला. ऑक्टोबरात दाजींनी छाटणी केली आणि दीड महिन्यात एक टपोरं फूल आलं. सौ. पूजेचं ताट घेऊन येईपर्यंत शेजारच्या माडग्याळी मेंढ्याने पोपटाच्या चोचीसारखं नाक पुढे करून ते देठासकट उरकलं. त्याला लाखाची मागणी आहे म्हणे. काठी उगारायचीही सोय नव्हती.

जाताना तो मूठभर लेंड्या टाकून गेला. नेमक्या कलमाच्या बुडाशी. मला महिनाभर जे कळलं नाही, ते त्याला बरोबर कळलं होतं.