दोन टक्क्यांचा निर्लज्जपणा

वहिनींच्या मेतकुटाला डोंबिवलीत तोड नाही, आणि त्याच मेतकुटाचे पैसे मागण्यात वहिनींइतका कच्चा माणूसही डोंबिवलीत नाही. गिऱ्हाईक दारात पाकीट उघडून उभं असतं आणि ह्या म्हणतात, "राहू द्या हो, घाई काय आहे!" घाई असते. डाळी महागलेल्या असतात, गिरणीवाल्याचे पैसे थकलेले असतात. पण रक्कम सांगायची वेळ आली की वहिनींचा आवाज इतका खाली जातो, की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं कुणाचं तरी दुखणं सांगताहेत.

धंदा चालायचा व्हॉट्सॲपवर. ऑर्डर आली की क्यूआर कोडचा फोटो पाठवायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. २०१६ साली आलेल्या यूपीआयनं पैसे पाठवणं सोपं केलं, पण ते कुणी पाठवले हे ओळखणं काही सोपं केलं नाही. भाजणी मागवणार ठाण्याच्या जोशीबाई आणि पैसे येणार कुठल्याशा टायरच्या दुकानाच्या नावानं, कारण फोन जावयाचा. शिवाय स्क्रीनशॉट. "पाठवलेत हं, स्क्रीनशॉट टाकलाय." स्क्रीनशॉट यायचा, पैसे यायचेच असं नाही. एका स्क्रीनशॉटवर तर आदल्या दिवाळीची तारीख होती. वहिनींनी ती पाहिली, "असेल बाई नजरचूक," म्हणाल्या आणि अर्धा किलो थालीपीठ भाजणी रवाना केली.

शेवटी पुतणीनं वेबसाइट करून दिली आणि पेमेंट गेटवे निवडायचं काम माझ्याकडे आलं. का, तर भावजी कॉम्प्युटरमधले. मी कॉम्प्युटरवर विजेची बिलं छापत असे. पण आमच्या घरात तेवढ्यावर माणूस कॉम्प्युटरमधला ठरतो.

गेटवेवाल्यांचं काम तसं सरळ आहे. गिऱ्हाईकानं कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग काहीही वापरलं तरी पैसे घ्यायचे, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि आपली फी कापून एकदोन दिवसांत दुकानदाराच्या खात्यात टाकायचे. सीसीअ‍ॅव्हेन्यू २००१ पासून हे करतंय. पेयू, रेझरपे, कॅशफ्री, इन्स्टामोजो ही नंतरची मंडळी. अमेरिकेतला भाचा "मामा, पेपल घ्या" म्हणून मागे लागला होता. पेपलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलंय हे त्याला सांगितलं, तेव्हा "मग फॉरेनला विका" म्हणाला. न्यू जर्सीला मेतकूट पाठवण्याचा कुरिअर खर्च त्याला विचारला, तेव्हा त्याची मीटिंग सुरू झाली.

खरी लढाई दोन टक्क्यांवरून झाली. बहुतेकांचे छापील दर दोन टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. आमचा दादा सहकारी बँकेतून निवृत्त झालेला. त्यानं कागद ओढला. "पाचशेच्या ऑर्डरला दहा रुपये फी. फीवर अठरा टक्के, म्हणजे १ रुपया ८० पैसे. हातात येणार ४८८ रुपये २० पैसे. आणि मधे एक दिवस पैसे त्यांच्याकडे! व्याज कुणाचं?" मग त्यानं हुकमाचा एक्का काढला. १ जानेवारी २०२० पासून सरकारनं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला लागणारा एमडीआर शून्य केलाय, तेव्हा यूपीआयचे पैसे कापताच कसे? एका कंपनीच्या विक्रेत्याला त्यानं फोनवर हे ठणकावून विचारलं. विक्रेता अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, एमडीआर शून्यच आहे. ही प्लॅटफॉर्म फी आहे." दादा गप्प झाला. त्या गप्प होण्यात पराभव नव्हता, आदर होता. शुल्क माफ करून त्याच जागी दुसरं शुल्क लावणं काय असतं, ते हयातभर बँकेत काढलेल्या माणसालाच कळतं.

तरीही त्यानं हट्ट सोडला नाही. कोण १.९ घेतो, कोण २, कुणाचा यूपीआयला कमी दर, क्रेडिट कार्डाला कुणाचा जास्त, गिऱ्हाईकाला पैसे परत केले तर आपली फी परत मिळते का (बहुतेक ठिकाणी मिळत नाही), याचा तक्ता करून त्यानं तो रविवारच्या जेवणावळीत सगळ्यांना वाचून दाखवला. ताईही होती. महिन्याला चाळीस हजारांची विक्री धरली तरी एक दशांश टक्क्यानं फरक पडतो चाळीस रुपयांचा. त्याहून जास्त रुपयांचा चहा या चर्चेत संपला.

माझं मत वेगळं होतं आणि ते मी मांडलं. हे दोन टक्के पैसे पोचवण्याचे नाहीतच. ते पैसे मागण्याचे आहेत. वहिनींना जे जन्मात जमलं नाही, ते हे यंत्र दिवसरात्र न लाजता करणार. आधी पैसे, मग मेतकूट. "घाई काय आहे" हे त्याला म्हणताच येत नाही. एवढा निर्लज्जपणा पगारी माणूस ठेवून मिळवायचा तर दोन टक्क्यांत मिळेल का? दादा म्हणाला, "हे तू तिला सांगू नकोस."

मग केवायसी. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, एफएसएसएआयची नोंदणी, सगळं फायलीत तयार. गेटवेवाले खातं खरं आहे का हे बघायला त्यात एक रुपया टाकतात आणि बँकेकडून कळलेलं नाव पॅनवरच्या नावाशी ताडून पाहतात. रुपया आला, नाव जुळलं नाही. जुळणार कुठून? १९९८ साली दादानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं वहिनींचं नवं नाव लिहिलं. बँकेत आणि आधारवर ते आहे. पॅन मात्र माहेरचं, वडिलांनी एफडीसाठी काढून दिलेलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही निराळी. कंपनीच्या दृष्टीनं एक अनोळखी बाई दुसऱ्या अनोळखी बाईच्या खात्यात मेतकुटाचे पैसे वळवू पाहत होती.

दादानं तोडगा सुचवला, खातं माझं देऊ. वहिनींनी भाजणीच्या कढईतला उलथणा थांबवला. "माझ्या मेतकुटाचे पैसे तुमच्या खात्यात?" एरवी पैशांच्या बाबतीत खाली जाणारा तो आवाज तेव्हा शेजारच्या विंगेत ऐकू गेला.

मी प्रत्येक कंपनीच्या मदत केंद्राला गाठायचं ठरवलं. माझ्या मते गेटवे निवडताना दराआधी हेच बघावं, कारण पैसे अडकतात ते शनिवारी संध्याकाळी आणि तेव्हा दरपत्रकाशी बोलता येत नाही. एका ठिकाणी चॅटवर यंत्र होतं. "पैसे अडकले तर काय करायचं?" या प्रश्नावर त्यानं "आपल्याला मदत करून आनंद झाला" असं लिहून खिडकी मिटली. दुसरीकडे सनईसदृश संगीत ऐकवलं. तिसरीकडे एक मुलगी फोनवर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, गॅझेट केलंय का नावाचं?" वहिनी मागून म्हणाल्या, "लग्न केलंय. तेव्हा तेवढ्यावर भागत होतं." मुलगी हसली आणि गॅझेट, पॅनदुरुस्ती, सगळा क्रम तिनं नीट सांगितला. तीच कंपनी घेतली. तिथे यूपीआयला दर कमी आणि क्रेडिट कार्डाला जास्त होता, म्हणून दादाचंही समाधान झालं. कंपनीचं नाव सांगत नाही. ती मुलगी उद्या नोकरी बदलेल आणि तुम्ही मला फोन कराल.

वेबसाइटवर माल परत घेण्याचं, माल पोचवण्याचं आणि खासगी माहितीचं धोरण लिहिलेलं असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. वहिनींनी ते स्वतः लिहिलं. परतावा : "मीठ कमीजास्त वाटल्यास फोन करावा, दुसरं देऊ." खासगी माहिती : "कोणाकडे किती तिखट खातात, हे आम्ही कोणाला सांगत नाही." याहून प्रामाणिक धोरण मी वाचलेलं नाही. ते नामंजूर झालं. मग पुतणीनं कुठल्यातरी कपड्यांच्या दुकानाचा मजकूर ढाच्यासारखा वापरला. मेतकूट सात दिवसांत, टॅग न काढता, न धुतलेल्या स्थितीत परत करावं, असं त्यात राहून गेलं. ते लगेच मंजूर झालं.

आता सगळं सुरळीत चालतं. वहिनींना विशेष आवडली ती पेमेंट लिंक. रक्कम घालून लिंक पाठवली की पैसे येईपर्यंत आठवण करून द्यायचं काम सिस्टिम करते. पहिल्या चार लिंका परक्या गिऱ्हाइकांना गेल्या. पाचवी ताईला. दिवाळीच्या चकल्यांचे आणि भाजणीचे मिळून ८५० रुपये, "देते गं वहिनी" या सदरात कधीचे पडून होते.

तिसऱ्या आठवणीनंतर ताईचा मला फोन आला. "वहिनीनं मला बिल पाठवलं?"

"वहिनींनी नाही गं. सिस्टिम पाठवते."

"मग सिस्टिमला सांग, मी नणंद आहे."

सिस्टिममध्ये तसा रकाना नसल्याचं मी तिला सांगितलं. पुतणीला विचारून बघतो म्हणालो. तोवर ताईनं फोन ठेवला होता.

रात्री पैसे जमा झाले. ताई भाजीवाल्यालासुद्धा यूपीआयनं पैसे देते. पण हे ८५० तिनं कपाटातून क्रेडिट कार्ड शोधून काढून भरले. दादाचा तक्ता तिनं लक्ष देऊन ऐकला होता.