शकुंतलेने अचलपूर

शेजारच्या भाऊसाहेबांचा मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्सात तुलूझला असतो. त्याने मध्यंतरी कार्कासोन नावाच्या गावाचे फोटो पाठवले आणि भाऊसाहेब फोन घेऊन सगळी कॉलनी फिरले. दुहेरी तट, 52 बुरूज, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत. "अन् रेल्वेनं गेला बरं का! तिकडची टीजीव्ही ताशी 320 नं पळते."

मी फोटो पाहून घेतले आणि म्हटलं, भाऊसाहेब, तटाच्या गावाला रेल्वेने जाण्याचं कौतुक यवतमाळकराला नका सांगू. आपली शकुंतला आपल्याला अचलपूरला नेत होतीच की! तिच्या वेगाचा विषय मात्र मी काढला नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, तिथे गाडी बदलून अचलपूर आणखी 76. टीजीव्हीला हे काम जेमतेम पस्तीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात शकुंतलेतला माणूस फार तर खिडकीजवळची जागा मिळवायचा.

ही लाइन टाकली ती आमच्यासाठी नव्हे, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने मँचेस्टरला. 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरहूनच आलं आणि एप्रिल 1994 पर्यंत त्याने बिनतक्रार धूर सोडला. मग डिझेल आलं. धूर कमी झाला, वेग होता तोच राहिला. मालकीचा मामला तर आणखी मजेचा. रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे आणि गाडी चालवणार मध्य रेल्वे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही अडीच फुटी लाइन तेवढी मागे राहिली. भारत सरकारला भाडेकरू म्हणून वागवणारी दुसरी लाइन मला तरी ठाऊक नाही.

गाडीवर माणसं मोजकी, त्यामुळे ज्याला जे दिसेल ते काम त्याचं. गार्डच तिकीट फाडणार, गार्डच झेंडी दाखवणार. फाटक आलं की गाडी थांबायची, कोणीतरी उतरून ते लावायचा, गाडी पुढे सरकायची, मग तोच फाटक उघडून धावत येऊन चढायचा. धावत म्हणजे आपली सवय म्हणून. चालत आला असता तरी चाललं असतं.

लाडखेडच्या अलीकडे एकदा गाडी सुटता सुटता थबकली. दूर पऱ्हाटीतून एक आजीबाई डोक्यावर गाठोडं घेऊन येताना दिसत होत्या. शहरातून आलेले एक गृहस्थ घड्याळ पाहून पुटपुटले, तसा समोरचा फेटेवाला म्हणाला, "काहून घाई करता भाऊ? बुढी येऊन रायली न!" आजीबाई आल्या, बसल्या आणि घड्याळवाल्यालाच म्हणाल्या, "सरक न रे बाप्पा थोडा." पुढे दारव्हा मोतीबाग येईपर्यंत त्याच गृहस्थांनी त्यांच्या गाठोड्यातली भाकर आणि ठेचा खाल्ला. घड्याळ त्यांनी तोवर खिशात टाकलं होतं.

कारंज्याला अर्धा डबा रिकामा व्हायचा. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, गुरुमंदिराची वारी करणारे सगळे इथे उतरत. मूर्तिजापूरला गाडी बदलायची. दुसरी गाडी चुकेल ही धास्ती फक्त नवख्यांना. मग दर्यापूर, मग पानमळ्यांचं अंजनगाव सुर्जी. इथे भाऊसाहेबांच्या फ्रान्सचा धागा थेट आमच्या लाइनीला येऊन भिडतो. 30 डिसेंबर 1803 रोजी इथे शिंदे आणि इंग्रजांचा तह झाला. शिंद्यांची कवायती फौज उभी केली ती द बॉयन, पेराँ अशा फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांनी. तेव्हा तहात एक कलमच घातलं की शिंद्यांनी यापुढे फ्रेंच माणूस पदरी ठेवायचा नाही. त्याच महिन्यात जवळचा गाविलगड घेणारा आर्थर वेलस्ली पुढे 1815 ला वॉटर्लूवर नेपोलियनला भारी पडला. म्हणजे फ्रेंचांवरचा हात त्याने आधी वऱ्हाडात साफ केला, असं मी भाऊसाहेबांना ठणकावून सांगितलं. ते गप्प बसले, हे मी पुराव्यातच धरतो.

अचलपूरला गाडी टेकली की अंगाचा प्रत्येक सांधा आपापली हजेरी देई. पण गाव तोलामोलाचं. विजयनगरच्या मुलखातून लहानपणी कैद होऊन आलेला फतहुल्ला इथे इमाद-उल-मुल्क झाला आणि 1490 मध्ये स्वतंत्र होऊन बसला. ही इमादशाही 1574 पर्यंत टिकली. जुना तट आहे, दुल्हा दरवाजा आहे, गावाबाहेर तळ्यात उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा आहे. कार्कासोनचा तट एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने नव्यासारखा करून घेतला. आमच्या तटाला असा कोणी भेटला नाही. त्याच्या आडोशाला पानठेला मात्र भेटला, आणि तिथे हौज कटोऱ्याची वाट विचारली की तीन माणसं तीन दिशा दाखवत आणि चौथा बरोबर चालू लागे.

आता शकुंतला बंद आहे. ही लाइन ब्रॉडगेज करायची घोषणा 2016 साली झाली, तेव्हा 1500 कोटींचा आकडा सांगितला गेला. अचलपूर पाहायचं असेल तर यवतमाळहून एसटीने अमरावती गाठा, तिथून अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याची गाडी धरा. पोचाल लवकर, पण तुमच्यासाठी ती एसटी पऱ्हाटीच्या कडेला थांबणार नाही. तेव्हा स्टँडवर वेळेत जा.