कूळ सांग आधी

आंबोलीच्या धबधब्यासमोर शेकडो माणसं भिजत, कणसं खात, एकमेकांचे फोटो काढत उभी असतात, आणि एक गृहस्थ धबधब्याकडे पाठ करून रस्त्यापलीकडच्या गटारात टॉर्च मारत असतात. तेच बेडूकवाले काका. जळवा लागू नयेत म्हणून मोज्यात तंबाखूची पूड, खिशात प्लॅस्टिकची पट्टी आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली वही. प्रत्येक निसर्गमंडळात असा एक नमुना असतोच. बहुधा बँकेतून निवृत्त झालेला, नाहीतर जीवशास्त्राचा माजी मास्तर. पक्षीवाल्यांबद्दल त्यांच्या मनात थोडी कीव असते. "पक्ष्याचं काय, पुस्तक उघडलं की चित्र हजर. इथे एका डबक्यात एकाच जातीचे चार बेडूक चार रंगांचे बसतात!"

मंडळात नवीन आलेली एखादी मुलगी उत्साहाने ओरडते, "काका, बेडूक!"

काका शांतपणे म्हणतात, "बेडूक आहे हे मलाही दिसतंय. कूळ सांग आधी."

लग्न जमवणाऱ्या आत्याबाई जशा मुलाचं नाव ऐकायच्या आधी घराणं विचारतात, तसं काकांचं. जात-प्रजात पुढचं पुढे. जगात बेडकांच्या सात हजारांहून जास्त जाती, त्यांची पन्नासाहून जास्त कुळं. घराणं चुकलं की सगळंच चुकलं.

"अंग खडबडीत आहे, म्हणजे टोड," मुलगी धीर करून म्हणते.

"खडबडीत तर मीही आहे. डोळ्यामागे फुगीर गाठ आहे का? विषाची ग्रंथी? नाही ना? मग सोड."

"बोटांना गाद्या आहेत. म्हणजे झाडावरचा."

इथे काकांना मनापासून त्रास होतो. गाद्या दिसल्या की झाडबेडूक, ही समजूत त्यांच्या आयुष्यातली मोठी डोकेदुखी. गाद्या काय, ओढ्यातल्या बेडकांनाही असतात, खडकावरून टुणकन उडणाऱ्या इंडिरानांनाही असतात. ऱ्हॅकोफोरिडी कुळाची खरी खूण म्हणजे बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमधली जास्तीची कूर्चा. "आणि ती तुला टॉर्चने दिसणार नाही," असं म्हणून काका वर बारीकसं हसतात. शिकवणं आणि हताश करणं यांतला फरक त्यांनी कधी फारसा मानला नाही.

पण रात्री ओढ्याकाठी त्यांच्याबरोबर बसावं. पावसाची रिपरिप, चष्म्यावर थेंब, काका दगडांवर उकिडवे. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. टॉर्चचा झोत तिरका करून ते ओल्या खडकाच्या कपारीकडे बोट दाखवतात. आधी काहीच दिसत नाही. मग खडकाचाच एक तुकडा श्वास घेताना दिसतो. तपकिरी, पाठीवर सुरकुत्या, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. "बाहुली बघ," काका कुजबुजतात. डोळ्यातली बाहुली नेहमीसारखी आडवी नसते. उभी, चौकट आकाराची असते, आणि झोत जवळ आला की आक्रसत जाते. "नायक्टिबॅट्रॅकिडी. रातबेडूक. हे कूळ भारत आणि श्रीलंका सोडून कुठे नाही." हे सांगताना काकांच्या आवाजात घरचं लेकरू बोर्डात आल्याचा थाट असतो. मग पट्टी बेडकापासून वीतभर लांब ठेवून ते फोटो काढतात. वरून, बाजूने, समोरून, आणि पुन्हा बाजूने. तोवर आपल्या पोटरीवर जळू तट्ट फुगलेली असते.

याच कुळातल्या एका बेडकाने काकांना एका लग्नात अडचणीत आणलं होतं. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलालींच्या नावाने १९५५ साली ओळखला गेलेला हा सह्याद्रीतला रातबेडूक. २०१६ साली संशोधकांनी जाहीर केलं की त्याची मीलनाची तऱ्हाच वेगळी आहे. नर मादीला धरत नाही, हात पानावर नाहीतर फांदीवर टेकवून नुसता तिच्यावर ओणवा होतो. काकांनी ही बातमी पंगतीत, जिलबी वाढणाऱ्या व्याह्यांना हातवाऱ्यांसकट समजावून सांगितली. काकू त्यानंतर पंगतीत त्यांच्या शेजारीच बसतात, लक्ष ठेवायला.

काकांची एक जुनी जखम आहे. तिचं नाव २००६. त्या वर्षी उभयचरांच्या वंशवृक्षावरचा एक भलामोठा शोधनिबंध आला आणि काकांनी जन्मभर पाठ केलेली नावं पार विस्कटली. कॉलेजात प्रॅक्टिकलला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून फाडलेला राना टिग्रिना आधीच होप्लोबॅट्रॅकस टिगेरिनस झाला होता. आता त्याचं कूळही बदललं, रॅनिडीतून डायक्रोग्लॉसिडीत गेला. पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन निळे गाल फुगवणारा, तंगड्यांच्या निर्यातीपायी पोत्यांनी पकडला जाणारा हा बेडूक. १९८७ साली ती निर्यात बंद झाली, हे काका अजून सणाच्या आवाजात सांगतात. पण २००६ पासून काकांची वही पेन्सिलीत. "शाईने फक्त तारीख आणि गाव. ते कोणी बदलत नाही."

मोरीत येऊन बसणारा आपला नेहमीचा टोडही त्या झपाट्यात बुफोचा दत्ताफ्रायनस झाला, ओडिशातले बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या नावावरून. काकूंनी हा बदल काकांच्या आधी पचवला. संध्याकाळी न्हाणीघरातून हाक येते, "अहो, दत्तासाहेब आलेत, बालदीमागे बसलेत. त्यांना बाहेर न्या, मला पाय धुवायचेत." काका त्यांना अलगद ओंजळीत घेऊन तुळशीपाशी सोडतात आणि साबणाने दोनदा हात धुतात.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. मंडळातली नवी पोरं बेडूक दिसताच लॅटिन नावाची फैर झाडतात. काका जितके मुरत चाललेत, तितकं त्यांच्या तोंडून नाव कमी निघतं. झुडपातल्या राओर्चेस्टिसांचं तर ते नावच घेत नाहीत. "हे अंड्यातून थेट बेडूक होऊनच बाहेर येतात, बेडूकमासा वगैरे भानगड नाही, एवढं लिही. जात आवाजावरून ठरेल, कदाचित डीएनएवरून, कदाचित मी गेल्यावर." एकट्या नाचऱ्या बेडकांच्या १४ नव्या जाती २०१४ साली एका दमात जाहीर झाल्या, ते पाहिल्यापासून काका जास्तच जपून बोलतात. अपवाद फक्त आंबोलीच्या सड्यावरचा, कुशीवर वाघाचे पट्टे असलेला झँथोफ्राइन टिगेरिना. २००९ साली त्याला नाव मिळालं आणि काकांनी वहीत ते शाईने लिहिलं. विचारलं तर म्हणतात, "पेन्सिल सापडत नव्हती."

रात्री अकराला कोणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. अंधार, गवत, मधोमध एक तपकिरी डाग. खाली, "काका, कोणता?"

काकांचं उत्तर तिसऱ्या मिनिटाला: "डायक्रोग्लॉसिडी. पुढचं विचारू नये."

ग्रुप झोपतो. पहाटे पावणेतीनला पुन्हा फोन वाजतो: "मागच्या पायाच्या तळव्याचा फोटो आहे का? टाचेशी फावडं दिसतंय का बघ. आणि आवाज रेकॉर्ड केलास का? जागा आहेस ना?"