वयाला नको, गाण्याला दाद द्या

नव्वदीतल्या गायिकेच्या मैफलीला जाणाऱ्या बऱ्याच जणांना गाणं ऐकायचंच नसतं. त्यांना हजेरी लावायची असते. उद्या त्या राहिल्या नाहीत, तर ‘मी त्यांना शेवटचं ऐकलंय’ असं सांगता यावं, एवढ्यासाठी तिकीट काढलेलं असतं. तानपुरे जुळेपर्यंत फोटो काढून होतो, पहिलं आवर्तन संपेपर्यंत तो नातेवाइकांच्या गटांवर पोचतो आणि मग शेजारच्याच्या कानाशी पुटपुट सुरू होते : या वयात काय गातात हो! ही दाद नव्हे, हा अपमान आहे. आदराच्या सुरात केलेला असतो, म्हणून कोणी हरकत घेत नाही.

१७ डिसेंबर २०२३. पुण्यात मुकुंदनगरच्या मैदानावर ६९व्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा शेवटचा दिवस. समारोपाला डॉ. प्रभा अत्रे. वय ९१. पुढे महिनाही झाला नाही. १३ जानेवारी २०२४ च्या पहाटे प्रभाताई गेल्या. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. मुकुंदनगरला मी होते, आणि त्या रात्रीचा राग मला अजून आहे. तो मंचावरच्या कोणावर नव्हता, तो आमच्या रांगांवर होता. मागे कोणी त्यांच्या वयाचा हिशेब करत होतं. पुढे कोणी चालू गाण्यात व्हिडिओ घेत होतं, आणि त्या उजळलेल्या पडद्यामागे बसलेल्यांना गायिका दिसत नव्हती. ‘दर्शन झालं, चला’ म्हणत काही जण गाणं संपायच्या आतच गाडी काढायला निघाले.

या बाईंना दर्शनाची मूर्ती करून बसवणं हा त्यांच्या अख्ख्या आयुष्यावर अन्याय आहे. प्रभाताई विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे किराणा घराण्याची तालीम घेतली. अमीर खाँसाहेबांच्या आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या गाण्याचे संस्कार स्वतःवर होऊ दिले, आणि ते कधी लपवले नाहीत. सुरुवातीला काही काळ संगीत नाटकांत भूमिका केल्या. आकाशवाणीत नोकरी केली, एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला. बंदिशी बांधल्या, अपूर्व कल्याण आणि मधुरकंस यांसारखे राग घडवले, पुस्तकं लिहिली. ख्यालात सरगम घेण्यावर जाणत्या मंडळींनी नाकं मुरडली, तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. सरगमवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि मंचावर सरगम गातच राहिल्या. ज्या बाईनं प्रत्येक सांगीतिक निर्णयाचं कारण स्वतःला विचारलं आणि लोकांना समजावलं, तिच्या गाण्याबद्दल आपल्याला सुचतं काय, तर तिचं वय!

आता वयाबद्दलच बोलायचं तर नीट बोलू. माणूस म्हातारा होतो म्हणजे गळ्याचं काय होतं? स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, त्यांच्यावरचं ओलसर आवरण कोरडं पडत जातं, आणि तंतू पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत. मधून हवा निसटते, आवाज पोकळ आणि श्वासाळ होतो. स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, म्हणून पट्टी बदलावी लागते आणि तानपुरे नव्यानं लावावे लागतात. छातीचा भाता लहान होतो. तरुणपणी एका दमात दोन-तीन आवर्तनं खेचणारा गायक आता अर्ध्या आवर्तनावर श्वास घेतो. वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी कानांना कमी ऐकू येतात, म्हणून शेजारच्या तानपुऱ्याचा झंकारही पूर्वीसारखा पोचत नाही.

पण या यादीत एक गोष्ट नाही. षड्जापासून पंचमापर्यंत जाताना गांधारावर किती थांबायचं, हे ज्या जागेतून ठरतं ती जागा गळ्यात नसते. कोणती जागा घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, हा निवाडा स्वरतंतू करत नाहीत. सत्तर वर्षांच्या रियाजातून तो पिकत जातो. प्रभाताईंची मारूबिहाग आणि कलावतीची जुनी ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजली. तिच्यातला आवाज पाण्यासारखा वाहता आहे. उतारवयातल्या त्यांच्या गाण्यात तो ओघ नव्हता, आणि तो शोधणंच चूक. त्या गाण्यात निवड होती. स्वर कमी, प्रत्येकावरचा मुक्काम मोठा. तान जिथे पूर्वी सरळ खाली उतरायची, तिथे सरगमचा एक छोटा तुकडा यायचा आणि रागाचा तोच कोपरा उजळायचा. मागे बसलेल्या शिष्या जागा भरून काढायच्या, पण पुढची वाट कुठे वळणार हे ताईच ठरवायच्या. किराणा घराण्याची बढत मुळातच एकेक स्वर घेऊन, त्याच्याशी बसून पुढे जाणारी आहे. त्यामुळे श्वास आखूड झाला तरी ही गायकी कोलमडत नाही. उलट अनावश्यक ते गळून गेल्यावर तिचा सांगाडा स्पष्ट दिसतो. संगीताच्या विद्यार्थ्यानं ऐकावं ते हे.

कुमार गंधर्व आठवा. क्षयानं एक फुफ्फुस निकामी केलं. पाच-सहा वर्षं गाणं बंद. देवासच्या घरात अंथरुणावर पडून त्यांनी गाण्याचा नव्यानं विचार केला आणि परत आले ते छोटे छोटे स्वरसमूह, अचानक सोडलेल्या जागा आणि मधली शांतता घेऊन. कोणी म्हटलं का, ‘एका फुफ्फुसावर काय गातात हो!’ म्हणणारे थोडे असतील, पण महाराष्ट्रानं त्या मर्यादेतून आलेल्या गाण्याला नवी गायकी म्हटलं, त्यावर वाद घातले, ग्रंथ लिहिले. आजारानं घातलेल्या मर्यादेला हा मान मिळतो, तर वयानं घातलेल्या मर्यादेला का नाही? या प्रश्नाला एकच उत्तर आहे. म्हातारपणाची आपल्याला भीती वाटते. ज्याची भीती वाटते त्याची आपण एक तर पूजा करतो, नाही तर कीव. बालगंधर्वांचे पाय गेले तरी ते बसून गात राहिले. त्या काळातल्या त्यांच्या गाण्याबद्दल आपण किती बोललो आणि त्यांच्या हालांबद्दल किती? उतारवयातले बालगंधर्व आपण करुणकथा म्हणून सांगितले. त्या गाण्यातली लय अजून तशीच ठाम होती, हे सांगायचं राहून गेलं.

आता आयोजक. एका शहरातल्या एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेले होते. मुख्य कलाकार ऐंशीच्या पुढच्या. कार्यक्रम साडेसहाचा, सुरू झाला सव्वासातला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार, मग प्रायोजकांच्या कुटुंबीयांचे सत्कार. गायिकेला आधीच मंचावर आणून खुर्चीत बसवलेलं. अंगावर तीन शाली, मांडीवर नारळ, हातात स्मृतिचिन्ह. आमदार आले नाहीत म्हणून त्यांच्या प्रतिनिधीचं भाषण झालं, आणि त्यात या थोर गायिकेचं नाव दोनदा चुकलं.

या सगळ्यात संगीताचं काय होतं, ते ऐका. कलाकार आतल्या खोलीत गळा गरम करून येतो. तो गरम गळा पाऊण तास भाषणं ऐकत बसला की थंड होतो, आणि ऐंशीच्या गळ्याला पुन्हा तापायला तिशीच्या गळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आतमध्ये जुळवून आणलेले तानपुरे मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं आणि वातानुकूलनाच्या झोतानं उतरतात. त्या संध्याकाळी ते पुन्हा लावायला घेतले, तर निवेदिका म्हणाल्या, ‘तोवर आपण ताईंच्या पुरस्कारांची यादी ऐकू या.’ तानपुरा लागत असताना माईकवर बोलायचं नसतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं शास्त्रीय संगीताच्या मंचावर पाय ठेवू नये. मंचाला चढायला चार उंच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. दोन कार्यकर्त्यांनी दंड धरून ताईंना वर नेलं आणि सभागृहानं त्यावर टाळ्या वाजवल्या. एक उतरता मार्ग करायला किती फळ्या लागतात?

ध्वनिव्यवस्थेवाल्यांची आणखी एक खोड असते. म्हाताऱ्या आवाजातला कंप झाकण्यासाठी ते त्यावर प्रतिध्वनी चढवतात. स्वराच्या कडा पुसल्या जातात, श्रुती कळेनाशी होते, आणि जो सूक्ष्म फरक ऐकण्यासाठी जाणकार दूरवरून आलेले असतात तोच नाहीसा होतो. कंप असू द्या. कलाकाराच्या समोरच्या मॉनिटरमध्ये तिचा स्वतःचा आवाज आणि तानपुरा स्वच्छ ऐकू येईल एवढं करा. ऐकू येणं कमी झालेल्या माणसासाठी ही सोय चष्म्याइतकी साधी आहे.

रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम माझ्या मते योग्य आहे. झोप सगळ्यांना हवी, आणि वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलतही मिळते. पण पूर्वीच्या सवाई महोत्सवात मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि उजाडतानाचा ललत ऐकत जी पिढी मोठी झाली आणि गायली, तिला आता संध्याकाळच्या रागांच्या कुंपणात आणि घड्याळाच्या काट्याखाली गायचं असतं. तेव्हा त्या मोजक्या वेळातला एक मिनिटही शालीसाठी खर्च होता कामा नये. सत्कार करायचाच असेल तर गाणं झाल्यावर करा, किंवा घरी जाऊन करा. भीमसेन जोशींना भारतरत्न त्यांच्या पुण्याच्या घरीच देण्यात आला. २००८ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा मैफलीत गाणं त्यांनी थांबवलं होतं. प्रभाताईंचा पद्मभूषण २००२ चा आणि पद्मविभूषण २०२२ चा. सन्मान वीस वर्षं वाट पाहू शकतो, उतारवयातलं गाणं मात्र थांबत नाही.

कोणी म्हणेल, थकल्यावर थांबावं की त्यांनी. हे सांगणारे आपण कोण? पंडित रविशंकर ४ नोव्हेंबर २०१२ ला कॅलिफोर्नियात लाँग बीचला मुलीबरोबर, अनुष्काबरोबर, सतार वाजवायला बसले ते प्राणवायूची नळी नाकाला लावून. वय ९२. पुढच्याच महिन्यात ११ डिसेंबरला ते गेले. गंगूबाई हनगल नव्वदी ओलांडून २००६ मध्ये गायल्या. किशोरीताई आमोणकर मार्च २०१७ च्या अखेरीस दिल्लीत गायल्या आणि ३ एप्रिलला मुंबईत गेल्या. किशोरीताईंना सभागृहातली कुजबुज चालत नसे. त्या गाणं थांबवायच्या, रागवायच्या. लोकांनी त्यांना लहरी म्हटलं. त्या मागत होत्या ती साधी शांतता होती, आणि ती त्यांचा हक्क होता. कधी थांबायचं हे कलाकार ठरवेल. समोर किती लक्ष देऊन बसायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

लक्ष देऊन ऐकायचं म्हणजे सगळं छानच म्हणायचं असं नाही. ज्येष्ठांच्या मैफलीबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून येतं ते वाचून माझा जीव घुसमटतो. ‘वयाला लाजवणारी ऊर्जा’, ‘रसिक मंत्रमुग्ध’. कोणता राग, कोणती बंदिश, विलंबित कसं उघडलं, कुठे जमलं, कुठे सूर हलला, यातलं एक अक्षर नाही. एखाद्या रात्री गाणं जमत नाही. तिशीतही जमत नाही, नव्वदीतही जमत नाही. तरुणाला आपण तसं सांगतो, कारण त्याला आपण गायक समजतो. ज्येष्ठांना सांगत नाही, कारण मनातून आपण त्यांना निवृत्त करून टाकलेलं असतं. प्रभाताई आयुष्यभर संगीताबद्दल लिहीत, बोलत, चिकित्सा करत राहिल्या. त्यांच्या शेवटच्या मैफलींची तशी चिकित्सा आपण केली नाही, हे त्यांचं देणं आपल्यावर राहिलं.

या हंगामात तुमच्या गावात कोणी ऐंशी-नव्वदीतले बुवा किंवा बाई गाणार असतील, तर हार घेऊन जाऊ नका. आधी त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका, म्हणजे आज त्यांनी काय सोडलं आणि काय ठेवलं ते कळेल. मुलांना न्या. फोन बंद करा. भैरवी होईपर्यंत खुर्ची सोडू नका. आणि तुम्ही कार्यक्रमाच्या समितीवर असाल, तर भाषणांची यादी आजच फाडून टाका.