क्रेडिटकाका

न्यू जर्सीतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा. आरती झाली की जेवणाच्या रांगेत तुम्हाला एक गृहस्थ दिसतील. अंगात झब्बा, पायात धावायचे बूट, एका हातात प्लेट आणि काखेत लॅपटॉप. गणपतीला लॅपटॉप घेऊन येणारा माणूस एकतर ऑन-कॉल असतो किंवा क्रेडिटकाका असतो.

काका आयटीतले. वैद्यकाशी त्यांचा संबंध कोलेस्टेरॉलच्या गोळीपुरता. पण अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोराने कॉलेजात गणिताचा नेमका कुठला कोर्स घ्यावा, या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. निदान तो शेवटी तरी संपावा, अशी ऐकणाऱ्याची प्रार्थना असते.

गंमत म्हणजे काका ज्या महाराष्ट्रातून आले, तिथे मेडिकलला जाण्याचा पहिला फायदाच मुळी गणित सुटणं हा होता. बारावीला बायो ठेवलं, गणित टाकलं, की अर्धं डॉक्टर झाल्यासारखंच. नीटला आजही फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. गणिताला स्वतंत्र पेपर नाही. काकांचा धाकटा भाऊ याच वाटेने डॉक्टर झाला आणि काकांना बेडूक बघवत नसे म्हणून ते इंजिनीअर झाले. कोण काय होणार हे आपल्याकडे बेडकाने ठरवलेलं असतं, हे काकांना मान्य आहे. पण इकडे आधी 4 वर्षांची पदवी, मग 4 वर्षांचं मेडिकल स्कूल, आणि पदवीच्या काळात हवे ते कोर्स निवडायची मुभा! आयुष्यभर ज्याला 'सायन्स की कॉमर्स' एवढीच निवड ठाऊक, त्या माणसाच्या हातात हे स्वातंत्र्य पडलं. त्याने त्याची एक्सेल शीट केली.

खरं पाहता मामला लहान आहे. काही मेडिकल स्कूल कॉलेजातलं गणित मागतात. त्यातल्या कित्येकांना कॅल्क्युलस किंवा संख्याशास्त्र, काहीही चालतं. टेक्ससमध्ये भर संख्याशास्त्रावर. बऱ्याच ठिकाणी गणिताची सक्तीच नाही. ज्या पाच-सहा ठिकाणी अर्ज करायचा त्यांच्या अटी वाचाव्यात, एक सेमिस्टर कॅल्क्युलस, एक सेमिस्टर स्टॅट घ्यावं आणि जेवायला बसावं. पण इतक्यावर भागलं तर काकांनी लॅपटॉप कशाला आणला?

"एपी कॅल्क्युलस दिलं होतंस ना गं?" काका कुणाच्यातरी मुलीला गाठतात.

"हो काका, बीसी. फाइव्ह मिळाले."

पाच म्हणजे सर्वोच्च गुण. काकांचा चेहरा पडतो.

"अरेरे. म्हणजे आता पंचाईत."

पंचाईत अशी. एपी म्हणजे शाळेत असतानाच दिलेली कॉलेजच्या पातळीची परीक्षा. तिचं क्रेडिट घेतलं तर कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड येत नाही. काही मेडिकल स्कूल ते क्रेडिट मानतात, काही मानत नाहीत, काही म्हणतात त्याच विषयातला वरचा कोर्स करून दाखव. बरं, क्रेडिट सोडून कॅल्क वन पुन्हा केलं तर ए जवळपास हमखास, "पण मुलाखतीत विचारलं, येत होतं तर परत का केलंस, तर?" कॅल्क थ्रीला बसलं तर आजूबाजूला भावी इंजिनीअर. "ते कर्व्ह खाऊन टाकतात," काका म्हणतात; म्हणजे वर्गाच्या तुलनेत ग्रेड लावतात तिथे वरच्या ग्रेड तेच नेतात. स्वतः इंजिनीअर असल्यामुळे यात थोडा अभिमानही असतो.

मग येतो जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. मेडिकलचे बहुतेक अर्ज एका केंद्रीय सेवेमार्फत जातात आणि ती बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ यांचा जीपीए वेगळा काढते. संख्याशास्त्र मॅथमध्येच धरतात. एखाद्या कोर्सात बी आला म्हणून तो पुन्हा केलात तर पहिली ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात. हा भाग काका गरुडपुराण वाचावं तशा आवाजात सांगतात. मुलीच्या प्लेटमधला मसालेभात तोवर गार झालेला असतो.

कॅल्क की स्टॅट, यात काकांचा स्वतःचा पक्ष कुठला, हे मात्र कळत नाही. स्टॅट घेतलेल्याला ते 1994 सालची गोष्ट सांगतात: मधुमेहावरच्या एका नामांकित नियतकालिकात ग्लुकोजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायची नवी पद्धत प्रसिद्ध झाली. ती होती कॅल्क्युलसच्या पुस्तकातली जुनीपुराणी, समलंब चौकोनांची. "बघा, कॅल्क टाळलं की काय होतं!" कॅल्क घेतलेल्याला 1978 सालची दुसरी. हजारात एकाला होणारा रोग. चाचणी 5 टक्के निरोग्यांनाही रोगी ठरवते. मग चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती? हार्वर्डच्या इस्पितळांत डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून 60 जणांना विचारलं. जवळपास निम्मे म्हणाले 95 टक्के. बरोबर उत्तर सुमारे 2 टक्के, कारण हजारातल्या एका रोग्यामागे पन्नासेक धडधाकट माणसं पॉझिटिव्ह निघतात. उत्तर बरोबर आलं 11 जणांचं.

ही दुसरी गोष्ट मला काकांच्या उरलेल्या सगळ्या शीटपेक्षा मोलाची वाटते. माझा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या डॉक्टरला इंटिग्रल आलं नाही तरी चालेल; ते पन्नास जण कुठून आले हे कळलं पाहिजे. पण काका तिथे थांबत नाहीत. त्यांना ती गोष्ट फक्त समोरच्याची झोप उडवायला हवी असते.

एक गोष्ट ते चुकूनही काढत नाहीत. ती म्हणजे एमकॅट. साडेसात तासांची ही प्रवेशपरीक्षा. तिच्यात कॅल्क्युलस नाही आणि कॅल्क्युलेटरही चालत नाही. 2015 पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र मात्र आलं. समाजशास्त्राला कर्व्ह कसा लावतात याचा काकांना अंदाज नाही, म्हणून तो टॅब रिकामा आहे.

त्यांच्या स्वतःच्या मुलीने काय केलं? तिने संख्याशास्त्र घेतलं, तेही मानसशास्त्र विभागातलं, कारण गणित विभागाचा तास सकाळी आठला होता आणि हा अकराला. काका दोन रात्री झोपले नाहीत. सायकॉलॉजीचं स्टॅट मॅथमध्ये धरतील का? नियम वाचल्यावर कळलं की विभागाचं नाव नाही, कोर्सात शिकवलं काय ते बघतात. मुलीला ए मिळाला. काकूंनी शिरा केला. काकांनी एक्सेलमध्ये 'तासाची वेळ' असा नवा कॉलम घातला आणि आता मुलीची ही युक्ती ते आपलाच शोध म्हणून सांगतात.

तेव्हा वाचकहो, तुमचं मूल बारावीत असेल आणि तुम्ही यंदा मंडळाच्या गणपतीला जाणार असाल, तर त्याला घरूनच पढवून न्या. 'मोठेपणी काय होणार?' असं काकांनी विचारलं की 'आर्किटेक्ट' म्हणायचं. आर्किटेक्टची शीट त्यांच्याकडे अजून नाही.