अथर्वचे बाबा

अथर्वच्या बाबांना स्वतःचं नाव आहे, बँकेत हुद्दा आहे, सोसायटीच्या कमिटीत खजिनदारपद आहे. पण मुलगा आठवीत गेला, ड्रॉइंगच्या परीक्षेचा फॉर्म घरात आला आणि त्या दिवसापासून ते फक्त अथर्वचे बाबा उरले. दर शाळेत, दर तुकडीत असे एक बाबा असतातच; आमच्या डोंबिवलीत तर इमारतीगणिक सापडतील. खांद्याला शबनम नाही, दाढी नाही, प्रदर्शनाच्या दाराला कधी पाय लागलेला नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत ते एकदाच शिरले होते, तेही बाहेर पाऊस आला म्हणून. तरीही महाराष्ट्राच्या शाळांतली चित्रकला आज ज्यांच्या जिवावर तग धरून आहे, त्या यादीत यांचा नंबर बराच वर लागेल.

याचं कारण ७, ५ आणि ३. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी आली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब आली तर ५, क आली तर ३. हा हिशेब बाबांना झोपेतून उठवून विचारला तरी येतो. शासन निर्णयाची पीडीएफ त्यांच्या मोबाइलमध्ये आहे आणि महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या आहेत. दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरतात आणि त्यात कलेचे, खेळाचे गुण पडले की काही पोरांचे शंभर टक्के भरतात, हे त्यांनी पेढा भरवतानाच्या फोटोंखाली वाचलेलं आहे. तेव्हापासून कलेकडे पाहायची त्यांची दृष्टी स्वच्छ झाली.

फॉर्म भरायला ते स्वतः शाळेत गेले. ड्रॉइंगचे सर त्या वेळी स्टुलावर चढून फळ्यावर सुविचार लिहीत होते.

“सर, एलिमेंटरीला गुण किती?”

“दहावीला? एकही नाही.”

“मग ती द्यायची कशाला?”

“हात बसायला.”

“हात किती दिवसांत बसतो?”

सर खाली उतरले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, “कुणाचा?”

सरांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यांचा तास आठवड्यातून दोनदा. त्यातला एक गणिताचे सर पोर्शन राहिला म्हणून मागून नेतात. उरलेल्या वेळात ते बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांवर नावं घालतात, पाहुणे येणार असले की रांगोळी काढतात आणि डिसेंबरात गॅदरिंगचा पडदा रंगवतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत पोचले. आमचे सर गॅदरिंगचा पडदा रंगवता रंगवता पुढच्या गॅदरिंगपर्यंत पोचतात. चित्रकलेच्या वर्गात पालक स्वतःहून येऊन शंका विचारतो आहे, हा प्रसंग त्यांच्या नोकरीत नवा होता. त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली.

मग घरात परीक्षा सुरू झाली. पहिला मान वस्तुचित्राचा. बाबांनी पितळी तांब्या, निळं कापड आणि दोन वांगी अशी मांडणी खिडकीपाशी केली आणि बायकोला बजावलं, “वांग्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर उजेड पडलाय.” अथर्व शाळेतून यायचा संध्याकाळी, तोपर्यंत उजेड तांब्यावर गेलेला असायचा. म्हणून मांडणी दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली आणि तिसऱ्याही. चौथ्या दिवशी वांगी सुरकुतली. अथर्वने ती सुरकुतलेलीच काढली आणि सरांनी त्या चित्राला शाबासकी दिली, “निरीक्षण आहे!” त्या आठवड्यात घरात तीनदा पिठलं झालं. तांब्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ मात्र एका बाजूला कलायचंच. बाबांनी कर्कटकाने मोजून दिलं, फूटपट्टी लावून दिली. शेवटी आजी म्हणाली, “अरे, तो तांब्याच चेपलाय. मीच पाडला होता, तू पाळण्यात असताना.”

संकल्पचित्रात बाबांना फारसा रस नव्हता. उष्ण रंगसंगती, शीत रंगसंगती इथपर्यंत ते पोचले आणि हॉलच्या पडद्यांकडे संशयाने बघू लागले, एवढंच. कर्तव्यभूमिती त्यांची लाडकी, कारण तिथे उत्तर एकच येतं. दिलेल्या वर्तुळात पंचकोन बसवताना त्यांना कर्जाचा हप्ता बसवल्याचं समाधान मिळे. खरी कसोटी लागली ती स्मरणचित्राला.

स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता एखादा प्रसंग काढायचा. भाजीबाजार, बसथांबा, गणपती विसर्जन, फुगेवाला असले विषय. त्यात माणसं हवीत, ती वाकलेली, बसलेली, ओझं उचललेली हवीत. अथर्वची माणसं राष्ट्रगीताला उभी राहिल्यासारखी ताठ. सर म्हणाले, “घरात कुणाला तरी उभं करा आणि बघून बघून सराव करा. मग आठवणीतून येईल.”

उभं राहायला रिकामं माणूस घरात एकच होतं.

रात्री जेवणं झाली की हॉलमध्ये टीपॉय बाजूला सरकायचा आणि अथर्वचे बाबा फुगेवाला व्हायचे. एक हात वर, हातात झाडू, झाडूला गाठ मारलेल्या कॅरीबॅगा. दुसऱ्या रात्री ते डोक्यावर पाटी घेतलेले कोळी झाले. पाटीच्या जागी कणकेची परात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत पाऊल उचललं नाही, तो माणूस कुकर पोटाला बांधून ढोलवादकाच्या पवित्र्यात वीस वीस मिनिटं कंबरेत वाकून राहिला. “बाबा, हलू नका.” “अरे, पाठीला मुंग्या आल्या.” “ढोलवाल्याला येतात का?” बेल वाजली, दारात सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सच्या पावत्या घेऊन उभे. बाबांनी पवित्रा न मोडता मानेनेच टेबलाकडे खूण केली.

महिनाभराने सरांनी अथर्वची वही उघडली आणि ते बराच वेळ पानं उलटत राहिले. “हात सुधारलाय,” ते म्हणाले, “पण बाजारात सगळे सख्खे भाऊच कसे आले?” खरंच तसं होतं. भाजीवाला, गिऱ्हाईक, हमाल, ट्रॅफिक पोलीस, सगळ्यांना तेच पोट, तोच चष्मा, मागे सरकलेले तेच केस. एका चित्रात नऊवारी नेसलेली कोळीणही त्याच चेहऱ्याची होती.

बाबांनी हे मनावर घेतलं. गुणांचा प्रश्न होता. आता माणसं गोळा करायला हवीत म्हणून ते स्टेशनवर, रांगेत, बँकेच्या काउंटरपलीकडे माणसं न्याहाळायला लागले. सुटी घेतलेला शिपाई परत आला तेव्हा त्यांनी त्याला रजेचं कारण विचारलं नाही, म्हणाले, “जरा खाली बसून बुटाची नाडी बांधून दाखव.” माझ्याशी जिन्यात बोलता बोलता मध्येच थांबले आणि म्हणाले, “पिशवी उजव्या हातात आहे ना तुमच्या, म्हणून उजवा खांदा खाली गेलाय आणि मान डावीकडे. तसंच राहा.” घरातून मुलाला बोलावून आणेपर्यंत मी दोन किलो कांदे घेऊन तसाच उभा होतो.

एलिमेंटरी पार पडली. वर्षभराने इंटरमिजिएटचा दिवस आला. केंद्राच्या फाटकाबाहेर बोर्ड, क्लिपा, पोस्टर कलरच्या बाटल्या, पाण्याचे दोन डबे, पुसायचं फडकं असा संसार घेऊन पोरं आणि त्यांचे असलेच बाबा. पोरं आत गेल्यावर बाहेर चर्चासत्र भरलं. एक म्हणत होते की हल्ली पार्श्वभूमी कोरी ठेवलेली चालत नाही. दुसऱ्यांचं मत, छाया एकाच बाजूला पडली पाहिजे, त्यात तडजोड नाही. यातले निम्मे विमा, बँक आणि रेल्वेतले. सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ साली सुरू झालं. तिथेही छायेवर इतक्या पोटतिडकीने रोज कोणी भांडत असेल, असं वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत मंडळी म्हैसूरला गेली. जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे, हातातल्या दिव्यावर पंजा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र. बाकीचे पाहून पुढे गेले, बाबा तिथेच. “भोवती केवढा अंधार धरलाय बघ, म्हणून उजेड दिसतोय,” ते अथर्वला म्हणाले. हळदणकरांनी हे चित्र स्वतःच्या मुलीला उभं करून काढलं होतं, हे कळल्यावर त्यांनी आपल्या पाठीवरून हात फिरवला. “तिची पाठ धरली असेल,” ते म्हणाले. आणि निघताना निकाल देऊन टाकला, “अ श्रेणी. डोळे झाकून.”

निकाल लागला तेव्हा मी मुद्दाम भेटायला गेलो. अथर्वला ब मिळाली होती. सातातले दोन गुण गेले म्हणून घरात सुतक असेल, अशी माझी समजूत. बाबा खुशीत नव्हते, पण शासनावर चिडलेलेही नव्हते. त्यांनी सरावाची चित्रं जमिनीवर पसरली आणि बोटाने दाखवू लागले. “दोन कुठे गेले, मी सांगतो. कापडाच्या चुण्या. हा घट्ट कापडासारखा काढतो, कापड पडलेलं दिसत नाही. आणि ही मागची माणसं पुढच्यांएवढीच गडद. ब बरोबर आहे. मी असतो तर क प्लस दिली असती.” अथर्व आतून ओरडला, “बाबा, क प्लस नसते!” “नसते, म्हणून ब,” बाबा म्हणाले.

अथर्व आता अकरावी सायन्सला आहे आणि ब्रश कपाटात आहेत. पण धाकटी अन्वी सहावीत आहे, ती तबला शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा असतात आणि शास्त्रीय गायन, वादन, नृत्याचेही गुण दहावीला धरतात, ही नोंद बाबांच्या मोबाइलमध्ये पिवळी झालेली आहे.

परवा ८.१२च्या लोकलला आम्ही सोबत होतो. बाबांना खिडकी मिळाली होती. डोळे मिटून ते मांडीवर तीनताल धरत होते, ओठांतल्या ओठांत सोळा मात्रा मोजत. कोपर आलं, दिवा आलं. समोर बसलेला एक अनोळखी गृहस्थ बराच वेळ अस्वस्थ होता. मुंब्र्याला त्याला राहवलं नाही.

“माफ करा, पण खाली नवव्या मात्रेवर येते. तुम्ही आठव्यावर घेताय.”

बाबांनी डोळे उघडले, त्या माणसाला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “तुमचा कितवीत आहे?”